रेड सॉक्समध्ये दुसरा कोण? क्रमवारीमागचे गणित

बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी लावताना पहिल्या स्थानावर फारसा वाद होत नाही. 1939 ते 1960 या काळात केवळ याच संघाकडून खेळलेल्या टेड विल्यम्सचे बाद न होता बेसवर (धाव पूर्ण करण्यासाठी गाठायच्या टप्प्यावर) पोचण्याचे कारकिर्दीतील .482 हे प्रमाण मेजर लीगमध्ये आजही सर्वोच्च आहे, आणि तेही दुसऱ्या महायुद्धात तीन पूर्ण हंगाम हुकलेले असताना. खरी अडचण दुसऱ्या क्रमांकाची आहे. कार्ल यास्ट्रझेम्स्की हा 23 हंगाम खेळलेला फलंदाज, तर पेड्रो मार्टिनेझ हा बोस्टनसाठी अवघे सात हंगाम खेळलेला पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. यांना एकाच मापाने मोजायचे कसे?

त्यासाठी संख्याशास्त्रज्ञांनी 'वॉर' हे एकक तयार केले. सहज उपलब्ध होणाऱ्या साधारण बदली खेळाडूपेक्षा एखाद्याने संघाला किती जास्त विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज असतो. फलंदाजी, क्षेत्ररक्षण आणि पिचिंग यांचे मोल आधी धावांमध्ये काढले जाते आणि ढोबळमानाने दहा धावांना एक विजय धरला जातो.

मात्र प्रत्येक धावेचे मोल सारखे नसते. 1968 मध्ये यास्ट्रझेम्स्की केवळ .301 सरासरीने (फटका मारून बेसवर पोचण्याचे प्रमाण) अमेरिकन लीगमध्ये अव्वल ठरला, कारण त्या वर्षी पिचरांचे वर्चस्व इतके होते की पुढच्या हंगामापासून पिचरच्या उंचवट्याची उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली गेली. उलट 2000 साली लीगमधील पिचर नऊ डावांमागे सरासरी जवळजवळ पाच धावा देत असताना मार्टिनेझने 1.74 दिल्या, आणि त्याही डाव्या बाजूच्या 37 फुटी भिंतीमुळे फलंदाजांना लाभदायक मानल्या जाणाऱ्या फेनवे पार्क या घरच्या मैदानावर निम्मे सामने खेळणाऱ्या संघाकडून.

वॉर ही बेरीज असल्याने दीर्घ कारकीर्द साहजिकच वरचढ ठरते: यास्ट्रझेम्स्कीचा आकडा सुमारे 96, मार्टिनेझचा बोस्टनमधला सुमारे 54. हंगामामागे भागाकार केला की चित्र उलटते. शिवाय जुन्या काळातील क्षेत्ररक्षणाच्या नोंदी तुटपुंज्या असल्यामुळे यास्ट्रझेम्स्कीच्या आकड्यातील तो भाग बराचसा अंदाजाचा आहे. प्रस्तुत लेखकाचा कौल तरीही त्यालाच आहे. दोन दशकांहून अधिक काळ संघात जागा टिकवणे हेही कौशल्यच, आणि बदली खेळाडूशी तुलना करणारे माप नेमके तेच टिपते.