फट उभ्या गाडीची मोजू नका

गेल्या दिवाळीत भाचा नवी अलॉय चाकं घातलेली गाडी दाखवायला आला. टायर आणि फेंडर, म्हणजे चाकावरचा पत्रा, यांच्या मधल्या फटीत बोटं घालून म्हणाला, "मामा, बघ, दोन बोटं आरामात जातात. आता कुठे घासणार?" दुसऱ्या दिवशी आम्ही वाईहून पाचगणीला निघालो. पसरणी घाटातल्या एका डाव्या वळणावर स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळलेलं, त्यात खड्डा आला, आणि उजव्या पुढच्या चाकाने करकरून आवाज दिला. वर पोहोचल्यावर पाहिलं तर टायरच्या खांद्यावर चकचकीत घासलेली पट्टी उमटली होती आणि आतल्या प्लॅस्टिक लायनरची एक क्लिप उडाली होती.

दोन बोटांची ही परीक्षा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी, चाक सरळ, बोटं घातली, झालं. पण चाक त्या स्थितीत कधीच घासत नाही. ते घासतं वर चढताना, वळताना, आणि बहुतेक वेळा दोन्ही एकदम करताना. घाटातल्या डाव्या वळणावर गाडीचा भार उजवीकडे ढळतो, उजवी स्प्रिंग दबते, म्हणजेच चाक फेंडरच्या आत वर जातं. फट मोजायची ती त्या क्षणाची.

आधी साधा हिशेब करू. भाच्याच्या गाडीचे मूळ टायर १८५/६५ आर १५ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). त्याने घातले २०५/५५ आर १६. रुंदी २० मिमीने वाढली, म्हणजे १० मिमी बाहेरच्या बाजूला आणि १० मिमी आत. शिवाय रिमचा ऑफसेट बदलला. रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बोल्ट होतं त्या भागाला, टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे ते अंतर म्हणजे ऑफसेट; रिमवर तो 'ईटी' म्हणून कोरलेला असतो. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. मूळ रिम ईटी ४५ चं होतं, नवं ईटी ३५ चं, म्हणजे अख्खं चाक आणखी १० मिमी बाहेर आलं. बेरीज केली तर बाहेर २० मिमी आणि आत शून्य. आतली फट जशीच्या तशी राहिली, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चाक वळतं ते स्वतःच्या मध्याभोवती नाही. ते वळतं स्टिअरिंगच्या अक्षाभोवती, आणि हा अक्ष चाकाच्या आतल्या बाजूला असतो. टायरचा बाहेरचा पुढचा कोपरा त्या अक्षापासून साधारण १६० मिमी बाहेर आणि ३१० मिमी पुढे धरला, तर पायथागोरसप्रमाणे तो ३४९ मिमी त्रिज्येचा कंस काढतो. नव्या चाकात हेच आकडे १८० आणि ३१६ झाले, त्रिज्या ३६४ मिमी. बंपरच्या कोपऱ्यात लायनरसाठी सोडलेल्या जागेतून १५ मिमी गेले. उभ्या गाडीत ते दिसत नाहीत.

आता माझ्या आवडीचा भाग. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट नावाचं सस्पेन्शन असतं. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकी अभियंता. त्याची ही रचना १९४९ मध्ये फ्रान्समधल्या फोर्ड व्हेडेट गाडीत आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या फोर्ड कॉन्सलमध्ये आली. जुन्या प्रीमियर पद्मिनीला पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारे दांडे, होते. मॅकफर्सनने वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एक उभा खांब, त्याचं वरचं टोक बॉनेटखालच्या टॉवरला, खालचं टोक नकलला, म्हणजे हब धरणाऱ्या तुकड्याला, घट्ट बोल्ट केलेलं, आणि नकलखाली बॉल जॉइंटने जोडलेला एकच लोअर आर्म. जागा वाचली, भाग कमी झाले. बदल्यात चाकाचा कल किती आणि कसा बदलणार हे बहुतांशी त्या एका आर्मच्या कोनावर येऊन बसलं.

भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. लोअर आर्म म्हणजे त्याचा तासकाटा, मध्य गाडीकडे, टोक चाकाकडे. चाक वर जातं तेव्हा काटा उलटा फिरतो. चारवरून तीनकडे येताना टोक वर जातं आणि बाहेरही सरकतं. तीनवरून दोनकडे जाताना वर जातं पण आत येतं. खांबाचं वरचं टोक जागेवर पक्कं आहे, त्यामुळे खालचं टोक बाहेर गेलं की चाकाचा माथा आत झुकतो, याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. झुकलेला माथा फेंडरपासून लांब जातो, म्हणजे चाक वर चढता चढता स्वतःच जागा करून घेतं. खांब थोडा आत कललेला असल्याने ही कृपा तीनच्या जरा पुढेपर्यंत चालते: टॉवरपासून बॉल जॉइंटपर्यंतची रेघ आणि आर्म यांच्यात काटकोन होईपर्यंत. त्यानंतर सगळं उलटतं. चाक वर जातं आणि माथा बाहेर, थेट फेंडरच्या पत्र्याकडे झुकू लागतो.

भाच्याने चाकांसोबत ३० मिमी लहान स्प्रिंगाही बसवून घेतल्या होत्या. म्हणजे गाडी उभी असतानाच काटा तीनच्या वर येऊन बसलेला. खड्डा आला की काटकोन ओलांडला जाणार आणि जिथे फट सगळ्यात कमी, तिथेच माथा बाहेर पडणार. गाडी खाली घेतली की ती रस्त्याला जास्त चिकटते, असं सरसकट सांगितलं जातं. मॅकफर्सनच्या गाडीत एका हद्दीपलीकडे ते खरं नाही.

नव्या चाकांची पूजा झाली होती, चारही टायरखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली होती, बंपरला लिंबू-मिरची होतीच. घरच्यांचं मन मी जाणतो. पण चाकाखाली लिंबू ठेवायला माणूस वाकतोच, तेव्हा स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून एकदा टॉर्च मारून पाहावं. टायरची बाजू कापली गेली तर ती घाटातच फुटू शकते. स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफरही लिंबांसारखेच, घासणं थांबवत नाहीत: ते एक-दोन वेढे बांधून स्प्रिंग कडक करतात, त्यामुळे आवाज कमी होतो, भूमिती तीच राहते.

गॅरेजमध्ये भाच्याला सुचवलं गेलं की फेंडरची आत दुमडलेली कड गरम करून सपाट करू आणि कॅम्बर बोल्ट टाकू. कड दाबली की तिथला रंग तडकू शकतो आणि मग गंज धरतो, म्हणून मी ते नको म्हटलं. बोल्टवर मात्र विचार करायला हवा होता. कॅम्बर दोन ठिकाणी बदलता येतो. टॉवरवर कॅम्बर प्लेट लावून खांबाचं वरचं टोक आत सरकवलं, तर खांब आणि चाक एकत्र झुकतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. नकल आणि खांबाच्या सांध्यात कॅम्बर बोल्ट, म्हणजे मध्य एका बाजूला असलेला उत्केंद्री बोल्ट, टाकला, तर नकल खांबाच्या सापेक्ष झुकतो. दोन्हींत टायरचा माथा दर अंशाला सुमारे ८ मिमी आत येतो, पण बोल्टच्या बाबतीत टायर स्प्रिंगच्या वाटीकडे ४ ते ५ मिमी सरकतो. बाहेर कमावलं, त्यातलं निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त आत खर्च झालं. आतली फट आधीच बोटभरही नव्हती.

प्लेट लावली असती तर टॉवरच्या भोकात फेरफार करावा लागला असता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्टही केलं आहे, तेव्हा तो मार्ग सोडला. मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. रिम तेच ठेवून टायर १९५/५५ आर १६ घेतले. त्यांचा व्यास ६२१ मिमी, मूळ टायरइतकाच. रुंदी १० मिमीने उतरली, त्यातले आतले ५ मिमी मी बोल्टने एक अंश कॅम्बरवर खर्च केले. बाहेर मिळाले ५ अधिक ८, म्हणजे १३ मिमी. कॅम्बर हलला की टो, म्हणजे सरळ जाताना चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, हलतोच, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घेतलं. ते टाळलं असतं तर टायर काही हजार किलोमीटरमध्ये आतून खाल्ला गेला असता.

मग फट मोजायला बहिणीच्या स्वयंपाकघरातून कणीक आणली. तेलाचा हात लावून तिचे लिंबाएवढे गोळे लायनरवर आणि फेंडरच्या कडेखाली सहा जागी चिकटवले आणि पुन्हा पसरणी घाट चढलो, तोच खड्डा, तेच वळण. पाचगणीच्या नाक्यावर भाचा गुडघ्यावर बसला. सगळ्यात चपटा गोळा बंपरच्या कोपऱ्यातला होता. त्याने तो अलगद सोडवला, फूटपट्टीवर उभा धरला आणि वाचलं, "नऊ मिलिमीटर, मामा."