कोरडेपणा की उबग? ‘प्रार्थनेत मन लागत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ

‘प्रार्थनेत मन लागत नाही’ असं कुणी म्हटलं की ठरलेल्या दोन उत्तरांपैकी एक मिळतं. एक जण म्हणतो, ‘आळस झटक, जरा जोर लाव.’ दुसरा म्हणतो, ‘ही आत्म्याची काळोखी रात्र, देव दुरावल्यासारखा वाटण्याचा काळ. मोठमोठ्या संतांना येते.’ दोघांनीही समोरच्याला काही विचारलेलं नसतं. पहिल्या उत्तरामुळे प्रामाणिक माणसं विनाकारण स्वतःला दोष देत बसतात. दुसऱ्यामुळे काही जण आपल्या टाळाटाळीला संतपणाचा मुलामा देऊन मोकळे होतात. हे ऐकून ऐकून कान किटले.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. ‘मन लागत नाही’ हे एकच वाक्य आपण दोन अवस्थांसाठी वापरतो. त्यातली एक म्हणजे आत्मिक कोरडेपणा. दुसरीला वाळवंटातल्या जुन्या मठवासींनी अकीडिया हे ग्रीक नाव दिलं. मी तिला उबग म्हणते. आळस हा शब्द मुद्दाम टाळते. तो का, ते ओघात येईलच.

कोरडेपणा बहुतेकांना अनुभवाने ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. वचन वाचावं तर पानावर नुसती अक्षरं, मननाला बसावं तर विचार भलतीकडे, उपवास धरावा तर फक्त भूक. यात लाजण्यासारखं काहीच नाही. बायबलमधलं स्तोत्र ६३ ही मुळात रुक्ष, निर्जल भूमीतून केलेली प्रार्थनाच आहे. उदाहरण द्यायचं झालं की सगळे मदर तेरेसांचं नाव घेतात; मला त्यांच्याही आधीची स्पॅनिश जोगीण अविलाची तेरेसा (१५१५–१५८२) जास्त जवळची वाटते, कारण ती फार मोकळेपणाने कबुली देते. कित्येक वर्षं हातात पुस्तक असल्याशिवाय तिला प्रार्थनेला बसायचं धाडस होत नसे, आणि बसली की तास संपल्याचे टोले कधी पडतात याकडेच कान लागलेले. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी घालणं, असं ती म्हणते: आधी विहिरीतून शेंदायचं, मग रहाट, मग ओढ्याचं वाहतं पाणी, आणि शेवटी पाऊस. शेंदणाऱ्याची विहीर कधीकधी कोरडी असते, हेही ती सांगून ठेवते.

आता उबग. याचं सगळ्यात नेमकं वर्णन चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस या मठवासीचं आहे. स्तोत्र ९१ च्या ग्रीक भाषांतरातला ‘भर दुपारचा सैतान’ तो इथे आणतो. सकाळी दहाच्या सुमाराला हा येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. मठवासी खोलीबाहेर डोकावतो, जेवणाला किती अवकाश आहे ते बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो. मग त्याला ही जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, इथल्या बांधवांत प्रेमच उरलेलं नाही असं वाटू लागतं. दुसरीकडे गेलो तर बरं होईल, देवाला काय, कुठेही भजता येतं! सोळाशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर वाचताना मला दर वेळी चोरी पकडल्यासारखं होतं.

पुढच्या शतकात जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने त्यात एक बारकावा नोंदवला, आणि ‘आळस’ हे भाषांतर तिथेच कोसळतं. उबग आलेला माणूस नेहमी झोपतोच असं नाही. तो अचानक परोपकारी होतो. अमक्या आजाऱ्याला भेटायला हवं, तमक्या निराधार बाईची विचारपूस करायला हवी, इथे नुसतं बसून काय उपयोग? कामं सगळी चांगली, पण आत्ता ती सुचतात ती या खोलीतून सुटायला. म्हणजे दिवसभर धावपळ करणारा, चार मंडळांवर असलेला विश्वासू माणूसही उबगाने पोखरलेला असू शकतो. त्याला आळशी कोण म्हणेल? पुढे सात प्रमुख पापांच्या यादीत या अवस्थेचं नाव हळूहळू सुस्तीवर येऊन थांबलं आणि निदानच बिघडलं.

मुळाला हात घातला तो तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने. आनंद प्रेमातून उगवतो, हे त्याचं सूत्र: जे प्रिय ते जवळ असल्याचा हर्ष. उबग म्हणजे नेमक्या त्याच गोष्टीचं दुःख. देव जवळ येऊ बघतो आणि माणसाला ते ओझं वाटतं. म्हणून तो उबगाला थेट आनंदाच्या विरुद्ध उभा करतो, आणि शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस पाळण्याच्या आज्ञेविरुद्धचं पापही ठरवतो, कारण उबगलेल्या मनाला देवाच्या ठायी विसावताच येत नाही.

सगळा घोळ होतो तो इथे. आत्मिक शिस्तीतून खरा आनंद मिळतो हे ऐकून माणूस प्रार्थना, उपवास, एकांत सुरू करतो आणि आनंद म्हणजे त्या वेळी गोड वाटणं असं धरून चालतो. गोडी गेली की आनंद गेला, असा हिशेब. पण कोरडेपणात जाते ती फक्त चव. प्रेम तसंच असतं. किंबहुना ते असतं म्हणूनच चव गेल्याचं इतकं लागतं. उबगात उलट घडतं: चव शाबूत असते, फक्त ती इतर सगळ्या गोष्टींना असते. कोरडेपणात तहान आहे आणि विहिरीला पाणी लागत नाही. उबगात पाणी समोर आहे आणि ते नको झालंय.

ओळखायचं कसं? सोळाव्या शतकातला क्रुसाचा योहान, तेरेसेचा सहकारी, तीन खुणा देतो. देवाच्या गोष्टींत रस वाटत नाही, आणि इतर कशातही वाटत नाही. आपण देवाची सेवा करत नाही आहोत, मागे पडतोय, ही टोचणी सतत असते. आणि पूर्वीसारखं कल्पना करत मनन करणं जमेनासं होतं. तिन्ही एकत्र हव्यात, हे ‘काळोखी रात्र’ म्हणणारे सोयीस्कर विसरतात. म्हणून मी आता एकच विचारते: ‘इथे मन लागत नाही, बरं. मग कुठे लागतं?’ उत्तर पटकन आणि लांबलचक आलं, तर बहुधा उबग.

योहान स्वतः खिन्नतेच्या आजाराची शक्यताही मोजतो, हे लक्षात ठेवा. झोप, भूक, रोजची कामं आठवडेच्या आठवडे बिघडली असतील तर आधी डॉक्टर. त्यावर प्रार्थनेचा जोर वाढवायला सांगणारा सल्लागार मला धोकादायक वाटतो.

उपाय वेगळे आहेत, म्हणूनच हा खटाटोप. खुणा जुळणाऱ्या कोरडेपणात योहान सांगतो, मनाला ओढत मननाकडे नेऊ नका. देवाकडे प्रेमाने लक्ष ठेवून स्वस्थ बसा. इथे ‘जोर लाव’ म्हणणं म्हणजे मिटू लागलेली जखम खाजवणं. उबगात मात्र स्वस्थ बसायची सूट घातक, आणि बदल त्याहून घातक. नवं चर्च, नवी पद्धत, चाळीस दिवसांची नवी योजना: दुपारच्या त्या पाहुण्याला हेच हवं असतं.

आणि कुठलं काय ते कळलंच नाही तर? तोवर जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लॉयोला याचा नियम चालतो, कारण तो ज्याला आत्म्याची उदासी म्हणतो तिच्यात दोन्ही सामावतात. त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. तासभर प्रार्थना ठरली असेल आणि उठावंसं वाटत असेल, तर तासाच्या वर थोडं बसायचं. उदासीचं एक कारण आपलीच हयगय असू शकतं, हेही तो स्पष्ट सांगतो. मला त्याची ही रोखठोक शैली आवडते.

इव्हाग्रियसच्या मते ही दुपारची झुंज निभावली की मागोमाग शांती आणि अवर्णनीय आनंद येतो. वाळवंटातला जुना मठवासी अँथनी, त्याची गोष्टही तशीच. उबगाने ग्रासलेल्या त्याने देवाला विचारलं, मी काय करू? बाहेर आला तर स्वतःसारखाच एक माणूस बसलेला दिसला. तो दोरी वळायचा, उठून प्रार्थना करायचा, पुन्हा बसून दोरी वळायचा. तो देवदूत होता. एवढंच कर, म्हणजे तुझं तारण होईल, असं त्याने सांगितलं, आणि ते ऐकून अँथनीला हर्ष झाला, धीर आला. प्रार्थना करताना कसं वाटतं, हे देवदूताने विचारलंच नव्हतं.