रोजनिशी आणि आठवणी: रॉकवाल्यांची पुस्तकं वाचताना

माझा भाचा गोव्यातल्या म्हापशाचा. हंगामात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, बेस गिटार वाजवतो. पावसाळ्यात शॅक मोडतात तेव्हा हातात वेळच वेळ असतो. यंदा त्याने दोन पुस्तकं पाठोपाठ वाचली: मॉट्ली क्रू या बँडच्या निक्की सिक्सचं ‘द हेरॉइन डायरीज’ आणि गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं आत्मचरित्र. दोन्ही २००७ सालची. ‘‘मावशी, दोन्ही सारखीच गो. नाव झालं, पैसा आला, व्यसन लागलं, मरता मरता वाचले.’’

गोष्ट सारखी आहे, पण सांगणारा माणूस कुठे उभा आहे ते बघायला हवं.

सिक्सच्या नोंदी १९८६ च्या नाताळपासून पुढच्या नाताळपर्यंतच्या. त्या लिहिताना पुढचं पान त्याच्यासाठी कोरं होतं. डिसेंबर १९८७ मध्ये हेरॉइन जास्त झालं आणि तो जवळजवळ गेलाच होता. हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याला नसतं. म्हणून साधी नोंद वाचतानाही पोटात गोळा येतो. व्यसनी माणूस रोजनिशीत ‘उद्यापासून बंद’ असं लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्या रात्री त्याला ते खरंच वाटत असतं. चार दिवसांनी तेच वाक्य पुन्हा येतं, आणि आदल्या वेळची आठवण त्याला नसते. व्यसन आतून कसं दिसतं, हे मला अशा पानांइतकं कुठेच कळलं नाही.

क्लॅप्टनची दारू सुटली १९८७ मध्ये. १९९८ मध्ये त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्र काढलं, आणि पुस्तक त्याच्याही नंतर. म्हणजे १९७० च्या दशकातलं हेरॉइन आणि दारू आपल्याला सांगतो तो सावरलेला माणूस. कोणत्या घटनेतून काय झालं हे त्याला माहीत आहे. इथे तपशिलाबाबत मात्र थोडं सावध राहावं. फार दारू प्यायल्यावर मेंदूत आठवण साठवलीच जात नाही, मग ती नंतर कुठून आणणार? ती जागा मित्रांच्या सांगण्यातून भरावी लागते.

पण रोजनिशीत जे नसतं ते आठवणींत सापडतं, ते म्हणजे दुसरी माणसं. नशेत बुडालेल्याच्या नोंदीत बायको, आई, मित्र ही सगळी अडचण असते. वीस वर्षांनी लिहिताना त्याला त्यांची दुखापत दिसते.

तरी दोन्ही पुस्तकं सारखी वाटतात त्याला एक कारण आहे. सिक्सच्या पुस्तकात जुन्या नोंदींच्या मध्ये मध्ये नंतरचे अभिप्राय घातले आहेत: त्याचे स्वतःचे, बँडमधल्यांचे, आईचे, बहिणीचे. एकाच पानावर १९८७ आणि २००७ शेजारी बसतात. भाच्याने ते सलग वाचलं, म्हणून दोन्ही पुस्तकं त्याला एका सुरातली वाटली. ओळखायला सोपी खूण सांगितली त्याला: ‘पुढे मला कळलं’ अशा अर्थाचं वाक्य आलं की ती आठवण.

आता तो नुसत्या तारखांच्या नोंदी वाचतो आहे, अभिप्राय गाळून. काल रात्री फोन आला, ‘‘मावशी, ह्याला अजून काहीच ठाऊक नाही गो.’’