फुटबॉल स्टेडियममधल्या दुर्घटना आणि प्रेक्षकांची सुरक्षा

फुटबॉलची मॅच बघायला म्हणून घरातून निघालेली माणसं स्टेडियममध्येच गर्दीत दबून, आगीत अडकून नाहीतर स्टँड खचून गेली, अशा घटना १९०२ पासून जगभर झाल्यात. स्कॉटलंड, पेरू, घाना, नेपाळ, इंडोनेशिया, आणि आपलं कोलकातासुद्धा. आज मोठ्या स्टेडियममध्ये दिसणाऱ्या नंबरच्या खुर्च्या, बाहेर जायची मोठी गेटं, जिन्याच्या मधोमध रेलिंग, माणसं मोजणारी कंट्रोल रूम, ह्यातलं बरंचसं कुठल्यातरी दुर्घटनेनंतर आलं किंवा सक्तीचं झालं.

आधी शब्दाचं बोलायला पाहिजे. मराठीत आपण सरसकट ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो, पेपरात हेडिंग पण तेच येतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतं की लोक घाबरून पळत सुटले न् एकमेकाला तुडवत गेले, म्हणजे चूक लोकांचीच. पण मोठ्या दुर्घटनांच्या चौकशा बघितल्या तर मेलेल्यातले कित्येकजण पळत नव्हते, उभे होते. श्वास घ्यायला छाती फुलावी लागते, लोहाराच्या भात्यासारखी, आणि चारी बाजूंनी दाब आला की भाता फुलतच नाही, काही मिनिटात शुद्ध जाते आणि मग जीव जातो. पडायलासुद्धा जागा नसते. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे साधारण सव्वातीन फूट बाय सव्वातीन फूट जागेत, चारेक माणसं असली तर माणूस स्वतःच्या मनानं हलू शकतो, पण सहा-सातच्या वर गेली की गर्दी पाण्यासारखी वागायला लागते, लाट येते आणि माणूस पाय न उचलता चार हात पुढं जातो. माळेगावच्या यात्रेत कुस्तीच्या फडाजवळ ज्याला एकदा असा रेटा बसलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मागच्याला पुढं काय चाललंय ते दिसत नसतं, तो नुसता एक पाऊल पुढं सरकतो, आणि अशी हजार पावलं मिळून पुढच्याच्या छातीवर येतात. त्यात कुणाचाच वाईट हेतू नसतो.

पहिली मोठी नोंद ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाची, ५ एप्रिल १९०२, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या टाकून केलेला उंच स्टँड होता, आदल्या रात्री पाऊस झालेला, माणसं उभी असतानाच फळ्या खचल्या आणि लोक खाली कोसळले. २५ जण गेले. नंतर असे स्टँड सोडून मातीच्या भरावावर पायऱ्या करायची पद्धत वाढली. पुढं ९ मार्च १९४६ ला इंग्लंडमधल्या बोल्टनच्या बर्न्डन पार्कवर ८५ हजारांच्या वर माणूस आत शिरला आणि ३३ जण दबून मेले. मृतदेह मैदानाच्या कडेला झाकून ठेवले, भुकटीनं नवी लाईन आखली आणि मॅच पूर्ण केली. चौकशी समितीनं तेव्हाच सांगितलं होतं की माणसं मोजून आत सोडा, मैदानाला आकड्याची मर्यादा घाला. इंग्लंडमध्ये त्याचा कायदा व्हायला १९७५ साल उजाडलं, २९ वर्षं गेली मधी.

तो कायदा झाला तोही आयब्रॉक्सवरच दुसऱ्यांदा माणसं गेल्यावर. २ जानेवारी १९७१, रेंजर्स विरुद्ध सेल्टिक, मॅच सुटल्यावर १३ नंबरच्या जिन्यावर ६६ जण गेले. ह्याच जिन्यावर १९६१ मध्ये दोघं मेले होते, नंतरही दोनदा लोक जखमी झाले होते, म्हणजे जिना आधीच तीनदा ओरडून सांगत होता. ह्या घटनेबद्दल एक गोष्ट लई वर्षं सांगितली जायची की शेवटच्या मिनिटाला गोल झाला म्हणून बाहेर निघालेले लोक माघारी फिरले आणि खालचे-वरचे एकमेकाला भिडले. चौकशीत निघालं की सगळे एकाच दिशेनं उतरत होते, कुणीतरी अडखळलं आणि वरचा भार आला. लोकांवर खापर फोडणारी गोष्ट लोकांमध्ये लवकर पसरते. ह्याच्यानंतर मैदानाला सुरक्षा प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि १९७३ ला ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षेबद्दलची, ‘ग्रीन गाईड’ म्हणून ओळखली जाणारी पुस्तिका निघाली, तिच्याबद्दल खाली सांगतो.

सगळ्यात जास्त माणसं गेली ती पेरूत. लिमाचं राष्ट्रीय स्टेडियम, २४ मे १९६४, पेरू-अर्जेंटिना ऑलिम्पिकची पात्रता मॅच. शेवटच्या काही मिनिटांत पेरूचा गोल नाकारला, एक-दोघं मैदानात उतरले, आणि पोलिसांनी अश्रुधूर थेट स्टँडमध्ये सोडला. लोक जिन्यांनी खाली धावले तर खाली रस्त्याकडची लोखंडी दारं बंद. वरून येणाऱ्याला काय माहीत खाली दार लावलंय. सरकारी आकडा ३२८. जे जागेवरच बसून राहिले ते बहुतेक वाचले. अश्रुधूर आणि बंद दार ही जोडी पुढं परत परत येते, घानात अक्राला ९ मे २००१ ला १२६ जण गेले तेव्हा हेच, आणि इंडोनेशियात मलांगच्या कांजुरुहान स्टेडियमवर १ ऑक्टोबर २०२२ ला १३५ जण गेले, त्यात लहान लेकरं पण होती, तेव्हाही हेच. स्टेडियममध्ये असला गॅस वापरू नये असं फिफाच्या सुरक्षा नियमात आधीपासून लिहिलेलं होतं! त्या मलांगच्या स्टेडियमची पाडापाडी करून आता नवं बांधलंय.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफोर्ड आणि हिल्सबरो ह्या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवून बघायला पाहिजेत.

ब्रॅडफोर्ड, ११ मे १९८५. जुना लाकडी स्टँड, वर डांबर लावलेलं छप्पर, आणि बसायच्या फळ्यांखाली पोकळी, तिच्यात वर्षानुवर्षांचा कागद-कचरा साठलेला. पेटती काडी नाहीतर सिगारेट फटीतून खाली पडली असावी. नंतर त्या पोकळीत १९६८ सालचा पेपर सापडला, म्हणजे १७ वर्षं तिथं कुणी झाडू मारला नव्हता. आदल्या वर्षी तिथल्या कौन्सिलनं पत्र लिहून आगीचा धोका सांगितला होता. आगीनं अख्खा स्टँड चारेक मिनिटांत घेतला, ५६ माणसं गेली. आता बघा, जे लोक मागच्या दारांकडं गेले त्यांना कुलुपं लागली, आणि जे पुढं मैदानाकडं गेले ते बहुतेक वाचले, कारण त्या स्टँडपुढं जाळी नव्हती, नुसती कमरेएवढी भिंत होती.

त्याच महिन्यात, २९ मेला, ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियमवर युरोपियन कपच्या फायनलआधी लिव्हरपूलचे काही प्रेक्षक युव्हेंटसच्या लोकांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ जण गेले, त्यात बहुतेक इटलीचे. तिथं दंगा खरोखर झाला होता आणि काहींना शिक्षाही झाल्या. पण ह्याचा परिणाम असा झाला की फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे दंगेखोर, त्याला पिंजऱ्यात ठेवा, हा विचार पक्का झाला. ब्रॅडफोर्डनं जे शिकवलं, की मैदानाकडची बाजू मोकळी पाहिजे, ते मागं पडलं.

मग १५ एप्रिल १९८९, शेफिल्डचं हिल्सबरो, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लिव्हरपूलच्या उभं राहून बघणाऱ्या १०,१०० लोकांना आत जायला फिरती गेटं होती फक्त ७. हिशोब करा, एका गेटावर १,४४३ माणसं, आणि असल्या एका गेटातून तासाला ६६० च्या वर माणूस जात नाही असं आजचं माप आहे, म्हणजे दोन तासांच्या वर वेळ लागणार. मॅच तीनची. बाहेरच दबायला लागले तेव्हा २:५२ ला पोलीस अधिकाऱ्याच्या हुकमानं एक मोठं गेट उघडलं. हजारो लोक आत आले आणि समोर जो बोगदा दिसला त्यात शिरले, तो बोगदा जाळ्यांनी पाडलेल्या मधल्या दोन कप्प्यांत जायचा जे आधीच खचाखच भरले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती. बोगद्याच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहून ‘इकडून नका जाऊ, बाजूनं जा’ एवढं म्हणायला पाहिजे होतं, तेवढंच. पुढं लोखंडी जाळी. मैदानात खेळ सुरू आणि जाळीमागं माणसं गुदमरतायत, ३:०६ ला रेफ्रीनं मॅच थांबवली. लोकांनीच जाहिरातीच्या पाट्या उपसून त्याचे स्ट्रेचर केले आणि जखमींना उचलून पळाले.

त्या दिवशी ९४ गेले, पुढं तीन, मृतांचा आकडा ९७ झाला, शेवटचा माणूस त्या दुखण्यानंच २०२१ ला गेला, ३२ वर्षांनी. सुरक्षा प्रमाणपत्र १९७९ चं होतं, मधल्या काळात बांधकामात बदल केले पण प्रमाणपत्र नवं केलं नव्हतं. आणि सगळ्यात वाईट ते पुढचं. गेट प्रेक्षकांनी जबरदस्तीनं उघडलं असं त्याच अधिकाऱ्यानं दुपारीच सांगितलं, मृतांच्या रक्तातली दारू तपासली, त्यात पोरंसोरं पण होती. २०१२ च्या स्वतंत्र पॅनलनं दाखवलं की १६४ जबाब बदलले होते आणि त्यातल्या ११६ जबाबांतून पोलिसांच्या विरोधातली वाक्यं काढलेली, आणि वेळेत उपचार झाले असते तर ४१ जण कदाचित वाचले असते. २०१६ मध्ये ज्यूरीनं सांगितलं की हे बेकायदा झालेले मृत्यू आहेत आणि प्रेक्षकांच्या वागण्याचा त्यात काही वाटा नाही. मेलेल्यांच्या आईबापांना हे एक वाक्य ऐकायला २७ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, काहीजण ऐकायच्या आधीच गेले. त्या अधिकाऱ्यावर खटला चालला, २०१९ मध्ये तो निर्दोष सुटला.

बदल मात्र झाला. हिल्सबरोची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० चा. जाळ्या निघाल्या, मोठ्या क्लबांना १९९४ पर्यंत सगळीकडं खुर्च्या बसवायला लावल्या, स्थानिक अधिकाऱ्यांवर लक्ष ठेवायला वेगळी संस्था आली, सुरक्षेची जबाबदारी पोलिसांवर न ढकलता मैदानाच्या मालकावर आली आणि प्रशिक्षण घेतलेली माणसं म्हणजे स्टुअर्ड उभे राहिले. खुर्च्यांबरोबर तिकिटंही महागली आणि कामगार वस्तीतला जुना प्रेक्षक मागं पडला, हे नुकसान पण मोजायला पाहिजे. जर्मनीत उभं राहून बघायची सोय ठेवली, डॉर्टमुंडच्या एका स्टँडमध्ये जवळजवळ २५ हजार माणूस उभा असतो, मधे मधे रेलिंग. इंग्लंडनंही २०२२ पासून तशी रेलिंगवाली जागा परत चालू केली. म्हणजे दोष उभं राहण्यात नव्हता. युरोपात हायझेलनंतर १९८५ ला जो करार झाला त्याच्या नावातच प्रेक्षकांचा ‘हिंसाचार’ होता, २०१६ च्या नव्या करारात त्या जागी सुरक्षा, बंदोबस्त आणि सेवा असे तीन शब्द आले.

आपल्याकडची गोष्ट. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅचमध्ये १६ जण गेले, दोन्ही टीमचे लोक एकाच स्टँडमध्ये बसवले होते. तिथं अजून हा दिवस रक्तदान करून पाळतात. काठमांडूत १२ मार्च १९८८ ला गारा पडायला लागल्या, लोक आडोशाला पळाले आणि गेटं कुलुपात, ९३ जण गेले. बंगळुरूला ४ जून २०२५ ला क्रिकेटच्या विजयाच्या कार्यक्रमाला चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटांवर ११ जण गेले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची गर्दीबद्दलची मार्गदर्शिका २०१४ पासून आहे, पण मार्गदर्शिका म्हणजे सक्ती नव्हे.

आता ग्रीन गाईडचं. तिच्यात मैदानाची क्षमता चार आकड्यांवरून काढतात: तासाभरात आत किती येऊ शकतात, आत किती मावतात, नेहमीच्या वेळेला बाहेर किती जाऊ शकतात, आणि आणीबाणीत किती जाऊ शकतात. ह्या चारातला सगळ्यात लहान आकडा तीच क्षमता, ‘मावतात की’ म्हणून भागत नाही. बाहेर पडायला जास्तीत जास्त ८ मिनिटं, आणि सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावर ६६.

मराठवाड्यात एवढी मोठी फुटबॉल स्टेडियमं नाहीत, छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर मॅच होतात, बाकी गर्दी बघायची तर कबड्डीच्या फायनलला, कुस्त्यांना, उरुसाला. माझ्या तालुक्याच्या गावी एका रात्रीच्या कबड्डीला पाइपाच्या गॅलऱ्या बांधल्या होत्या, चारी बाजूंनी पत्रे मारलेले, भिंतीवर पोरं बसलेली, आणि गेट एकच, दोन फाळक्यांचं. बिनपासचे घुसू नयेत म्हणून एक फाळकं साखळीनं बांधलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन मी टेपनं मोजलं, पूर्ण गेट १० फूट, म्हणजे ३ मीटर धरा. ८२ गुणिले ३ गुणिले ८ केलं तर १,९६८ माणसं. साखळी लावलेली असताना ९८४. त्या रात्री संयोजक माईकवरून सांगत होते की पाच हजारांच्या वर पब्लिक आहे.