बीईचा प्रोजेक्ट बाहेरच्या कंपनीचा घ्यायचाय? मग हे कागद आणि या अटी आधी बघून घ्या

टीईची (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची) परीक्षा संपत आली की सगळ्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते, स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट, म्हणजे बाहेरच्या कंपनीने दिलेला बीईचा (शेवटच्या वर्षाचा) प्रोजेक्ट, कसा मिळवायचा आणि त्याला कागदपत्रं काय काय लागतात. खाली लिहिलंय ते मुख्यतः सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर आणि आयटीच्या मुलामुलींसाठी. २०१९ पॅटर्नमध्ये (अभ्यासक्रमात) प्रोजेक्ट दोन टप्प्यांत असतो, सातव्या सेमला स्टेज वन आणि आठव्याला स्टेज टू. मुंबईकडे फॉर्मची नावं वेगळी असतात, रिपोर्टला ब्लॅक बुक म्हणतात, पण क्रम साधारण हाच.

आधी कोणाला घेता येतो ते. ग्रुप तीन-चार जणांचा, बहुतेक कॉलेजात एकाच डिपार्टमेंटचा लागतो. ग्रुप ठरवताना एकमेकांचे बॅकलॉग स्पष्ट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण एखाद्याचा एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) विषय राहिला असेल तर त्याची बीईची ॲडमिशनच अडकू शकते आणि मग सिनॉप्सिस (प्रोजेक्टची थोडक्यात रूपरेषा) दिल्यानंतर नावं बदलायला एचओडींच्या (डिपार्टमेंटच्या प्रमुखांच्या) मागे फिरावं लागतं.

स्पॉन्सर म्हणजे हिंजवडीतली मोठी आयटी कंपनीच पाहिजे असं अजिबात नाही. भोसरी एमआयडीसीतलं एखादं वर्कशॉप, गावाकडची पतसंस्था, हॉस्पिटल, सामाजिक संस्था, कोणीही चालतं, फक्त संस्था नोंदणीकृत असावी, स्वतःचं लेटरहेड असावं आणि तुमच्या प्रश्नांना उत्तर देणारा एक ठरलेला माणूस असावा. खरं सांगायचं तर छोट्या ठिकाणी काम जास्त चांगलं होतं, कारण तिथला मालक स्वतः समोर बसून सांगतो की रोज कुठे अडतं, आणि तुमचं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवसापासून वापरलं जातं. एक्स्टर्नल गाइड, म्हणजे कंपनीकडचा मार्गदर्शक, इंजिनिअर असावा अशी काही कॉलेजं अट घालतात, ते आधीच प्रोजेक्ट कोऑर्डिनेटरला विचारून घ्या.

आता मुख्य कागद, स्पॉन्सरशिप लेटर. ते कंपनीच्या लेटरहेडवर, एचओडी किंवा प्रिन्सिपलच्या नावाने असतं. त्यात तारीख, जावक क्रमांक, प्रोजेक्टचं नाव, सगळ्या मेंबरची पूर्ण नावं, कंपनीकडच्या गाइडचं नाव-हुद्दा, आणि खाली सही-शिक्का. प्रोजेक्टचं नाव सिनॉप्सिसमध्ये जसं आहे तसंच अक्षर न् अक्षर लेटरमध्ये पाहिजे. लेटरवर "हजेरी ॲप" आणि रिपोर्टवर "अटेंडन्स मॅनेजमेंट सिस्टीम" असं असलं की ओरलला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेले परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि तेव्हा ऐनवेळी कंपनीकडून नवीन लेटर आणायला पळापळ होते. त्यामुळे आधी कॉलेजच्या (इंटर्नल) गाइडकडून नाव पक्कं करा, मगच लेटर टाइप करायला सांगा. लेटरसोबत ग्रुप फॉर्मेशनचा फॉर्म, सिनॉप्सिस आणि इंटर्नल गाइडची संमती, एवढं साधारण स्टेज वनच्या सुरुवातीलाच जमा होतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, पैसे घेऊन लेटर देणाऱ्यांच्या नादी लागू नका. काही लोक लेटर, तयार कोड, रिपोर्ट सगळं पॅकेज म्हणून विकतात. खऱ्या स्पॉन्सरला तुमच्याकडून काम हवं असतं, पैसे नको असतात. आणि विकत घेतलेल्या कोडवर उद्या इंटरव्ह्यूत दोन प्रश्न आले की उत्तर देता येत नाही, अख्ख्या वर्षाचं नुकसान ते वेगळंच.

लेटर मिळालं म्हणजे झालं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण माझ्या मते खरा महत्त्वाचा कागद दुसराच आहे, तो कॉलेज बऱ्याचदा मागतही नाही. काम नक्की काय करायचं हे लिहिलेलं एक-दोन पानं, ज्यावर कंपनीच्या माणसाची सही किंवा निदान ईमेलवर होकार असेल. त्यात "रिपोर्टिंग मॉड्यूल" असं मोघम लिहू नका. असं लिहा की महिना संपला की प्रत्येक कामगाराची हजेरी आणि ओव्हरटाइमचे तास एका एक्सेल फाइलमध्ये निघतील, सुपरवायझरला दुरुस्ती करता येईल, मोबाइल ॲप या वर्षी करणार नाही. काय करणार नाही हे लिहिणं तर फारच गरजेचं, कारण पहिला डेमो बघितला की समोरचा खूश होतो आणि "आता यात पगारपत्रक पण टाका ना" म्हणतो, आणि तुमच्या हातात तेव्हा जेमतेम दीड महिना असतो. नंतर एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं याचा दस्तऐवज) लिहितानाही हीच पानं कामाला येतात.

मग येतो एनडीए म्हणजे गोपनीयतेचा करार. कंपनी देईल तो न वाचता सही करू नका, आणि सही करण्याआधी इंटर्नल गाइडना दाखवा. त्यात एवढं तरी लिहून घ्या की रिव्ह्यू, ओरल आणि कॉलेजमध्ये जमा करायचा रिपोर्ट यासाठी माहिती दाखवायला परवानगी आहे. पेपर पब्लिश करायचा असेल किंवा कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकायचा असेल तर त्याचीही वेगळी लेखी परवानगी घ्या. करार मुद्रांकावर करायचा ठरला तर महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, तो खर्च कंपनीने करावा असं सरळ सांगा.

कोड कोणाचा, हा विषय सगळे टाळतात. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ असं आहे की कृतीचा पहिला मालक ती लिहिणारा, आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिली असेल तर मालक कंपनी. तुम्ही तिथे नोकरीला नाही, तेव्हा वेगळा करार नसेल तर साधारणपणे हक्क तुमच्या ग्रुपचा. कंपनीला हक्क द्यायचा असेल तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कॉलेजची स्वतःची आयपी (बौद्धिक संपदा) पॉलिसी असेल तर तीही वाचा. छोट्या वर्कशॉपला सगळे हक्क नको असतात, त्यांना फक्त सॉफ्टवेअर वापरायला आणि पुढे दुसऱ्याकडून बदल करून घ्यायला मिळालं की पुरतं, तेवढंच लिहून द्या.

टेस्टिंगला कंपनीने खऱ्या ग्राहकांचे नाव-मोबाइल-आधार असलेली फाइल दिली तर घेऊ नका, खोटी नावं टाकलेला डेटा मागा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण त्याही आधी ती लोकांची खासगी माहिती आहे आणि ती चार मुलांच्या लॅपटॉपवर फिरायला नको.

वर्षभर लॉगबुक (कामाच्या नोंदींची वही) भरत राहा, कंपनीत झालेल्या मीटिंगवर तिथल्या गाइडची सही त्याच दिवशी घ्या. शेवटी रिपोर्ट, प्लेजरिझम रिपोर्ट (मजकूर किती कॉपी आहे ते दाखवणारा) आणि कंपनीचं कम्प्लिशन लेटर लागतं. हे लेटर ओरलच्या निदान दोन आठवडे आधी मागा, कारण मार्चअखेर असली की अकाउंट्स आणि मालक दोघंही कामात बुडालेले असतात. त्यात सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात आहे असं एक वाक्य खरं असेल तर आवर्जून घालायला सांगा.

ओरल झाल्यावर कोड, डेटाबेसचा बॅकअप आणि चालवायची माहिती कंपनीला एकत्र देऊन पोच घ्या, सर्व्हर आणि डोमेन त्यांच्या नावावर करून द्या, आणि क्लाउड अकाउंटला कोणाच्या आईबाबांचं कार्ड जोडलेलं असेल तर ते त्याच दिवशी काढून टाका.