लिंक छोटी का झाली आणि कोणाच्या हाती गेली

लिंक छोटी करायची सवय ट्विटरने लावली असं बरेच जण धरून चालतात. मुळात ती गरज ईमेलची. त्या काळी ईमेल आणि न्यूजग्रुपवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांवर, सत्तर-ऐंशी अक्षरांनंतर ओळ तुटायची. लिंक त्याहून लांब असली की तिचे दोन तुकडे पडत, पहिल्या तुकड्यावर क्लिक केलं की भलतंच पान उघडे किंवा काहीच उघडत नसे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचा केव्हिन गिल्बर्टसन एकचाकी सायकलच्या शौकिनांसाठी वेबसाइट चालवायचा. तिथून न्यूजग्रुपवरच्या चर्चांना लिंक द्यायच्या, तर त्या अगडबंब असायच्या. त्यावर उपाय म्हणून त्याने जानेवारी २००२ मध्ये टायनीयूआरएल सुरू केलं. त्याआधीही एकदोन प्रयत्न झाले होते, पण नाव झालं ते याचं.

आतली यंत्रणा अगदी साधी आहे. एका बाजूला छोटा कोड आणि समोर पूर्ण पत्ता, अशा नोंदींचा एक तक्ता. तुम्ही छोटी लिंक दाबली की ब्राउझर आधी त्या सेवेच्या सर्व्हरकडे जातो, सर्व्हर तक्त्यात बघून ‘पान कायमचं इकडे हललं आहे’ असा ३०१ क्रमांकाचा निरोप देतो आणि ब्राउझर पुढे खऱ्या पत्त्यावर पोचतो. इंग्रजीची २६ लहान अक्षरं, २६ मोठी आणि १० आकडे मिळून ६२ चिन्हं होतात. सहा जागांचा कोड घेतला तरी सुमारे ५,६८० कोटी वेगवेगळ्या लिंका तयार होऊ शकतात. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की छोट्या लिंकमध्ये मूळ पत्ता कुठेच नसतो. तो फक्त त्या तक्त्यात असतो, आणि तक्ता कुणा तिसऱ्याच्या मालकीचा असतो.

हीच युक्ती ग्रंथपालांनी आधी वापरली होती. ओहायोतल्या ओसीएलसी या संस्थेने १९९५ मध्ये ‘पर्ल’ नावाचे पत्ते सुरू केले. पान हललं तर तक्त्यातली नोंद बदलायची, म्हणजे वाचकाजवळची लिंक जन्मभर चालेल, हा त्यांचा हेतू. तिथे टिकाऊपणासाठी केलेली सोय पुढे केवळ अक्षरं वाचवण्यासाठी वापरली गेली.

२००६ मध्ये ट्विटर आलं आणि सगळं बदललं. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची, त्यातली २० वापरणाऱ्याच्या नावासाठी राखून ठेवली, उरली १४०. ब्लॉगपोस्टची लिंक त्यातली निम्मी जागा खाऊन टाकायची. म्हणून ट्विटर स्वतःच लांब लिंका टायनीयूआरएलमधून छोट्या करू लागलं आणि मे २००९ मध्ये ते काम बिटलीकडे गेलं. न्यूयॉर्कची ही सेवा तेव्हा जेमतेम वर्षभराची होती. किती जणांनी क्लिक केलं, कधी केलं, कुठून केलं, याचा हिशेब ती देत असे. लिहिणाऱ्याला त्याची भुरळ पडली आणि जाहिरातदाराला तर जास्तच.

मराठी ब्लॉगरची अडचण मात्र या सगळ्यांपेक्षा मोठी होती, आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं गेलं नाही. वेबच्या पत्त्यात मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. देवनागरी अक्षर तिथे सरळ जात नाही, ते टक्क्याच्या खुणांमध्ये बदलावं लागतं. एकट्या ‘म’चं रूप होतं टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई. एका अक्षराची नऊ चिन्हं! शिवाय काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायची खूण हे सगळं स्वतंत्र धरलं जातं. ‘मराठी’ या शब्दाला पत्त्यात ४५ जागा लागतात. ब्राउझरच्या पट्टीत मथळा नीट मराठीत दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्यांची रांगच्या रांग उमटते.

ब्लॉग चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्याच्या मथळ्यावरून बनणाऱ्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे. ‘कोकणातल्या पावसाची गोष्ट’ हा तीन शब्दांचा मथळा मोजून बघा. २२ देवनागरी घटक, प्रत्येकी नऊ, म्हणजे १९८, आणि शब्दांमधल्या दोन आडव्या रेघा. बरोबर २००. चौथा शब्द लिहिलात तर तो पत्त्यातून कापला जाणार. गूगलच्या ‘ब्लॉगर’ या ब्लॉगसेवेवर याच्या उलट व्हायचं. तिथे मराठी अक्षरं गाळूनच टाकली जात आणि पत्त्यात नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा उरे. त्यावरून आत कविता आहे की पाककृती, काही कळत नसे. अशा वेळी मराठी लिहिणाऱ्याने बिटलीचा किंवा गूगलच्या लिंक छोटी करणाऱ्या सेवेचा आधार घेतला, तर त्यात नवल नव्हतं.

धोक्याची घंटा मात्र लवकरच वाजली होती. डिलिशस या बुकमार्क सेवेचा संस्थापक जोशुआ शॅक्टर याने एप्रिल २००९ मध्येच लिहिलं होतं, की वाचक आणि पान यांच्यामध्ये आपण एक जादा दुवा घालतो आहोत आणि तो तुटला की सगळंच तुटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्रिम नावाच्या सेवेने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. ओरड झाल्यावर निर्णय फिरवला, पण लोकांना धसका बसलाच. पुढच्या वर्षी दुसरीच गोष्ट समोर आली. छोटी नावं मिळवण्यासाठी या सेवा पत्त्याच्या नावाशेवटी येणारी परदेशांची आद्याक्षरं वापरत होत्या. बिटलीचं ‘एलवाय’ लिबियाचं, गूगलचं ‘जीएल’ ग्रीनलँडचं, यूट्यूबच्या छोट्या लिंकमधलं ‘बीई’ बेल्जियमचं. २०१० मध्ये लिबियाने ‘व्हीबी डॉट एलवाय’ या अशाच एका सेवेचं नाव तिथल्या कायद्याला धरून नाही म्हणून काढून घेतलं, आणि त्यावरच्या सगळ्या लिंका एका दमात गेल्या.

सर्वांत मोठा धक्का गूगलचा. डिसेंबर २००९ मध्ये आलेली त्यांची सेवा विश्वासाची मानली जायची. ३० मार्च २०१९ पासून नव्या लिंका बनवणं बंद झालं, तेव्हा जुन्या चालू राहतील असं सांगितलं होतं. जुलै २०२४ मध्ये मात्र २५ ऑगस्ट २०२५ नंतर त्या चालणार नाहीत असं जाहीर झालं. अगदी शेवटच्या महिन्यात गूगलने थोडं माघार घेत, ज्या लिंकांवर वावर आहे त्या ठेवू, असं सांगितलं. ज्या जुन्या, फारशा न वाचल्या जाणाऱ्या पोस्टला दुसरीकडून कुठूनच वाट नव्हती, तिची लिंक नेमकी गेली. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

फसवणुकीसाठीही या लिंकांचा वापर सर्रास होतो, कारण पुढे काय आहे ते दिसतच नाही. एसएमएसमध्ये देवनागरीला ७० अक्षरांचीच जागा असल्याने तिथे छोटी लिंक अजून टिकून आहे. तिथली फसवणूक रोखायला ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवून मंजूर न केलेल्या लिंका असलेले एसएमएस पुढे न पाठवण्याचे आदेश कंपन्यांना दिले.

सोशल मीडियावर मात्र मूळ कारणच आता उरलेलं नाही. ट्विटरने, म्हणजे आजच्या एक्सने, स्वतःची छोटी लिंक आणली आणि पत्ता कितीही लांब असो, तो २३ अक्षरांचाच धरला जातो. टक्क्यांची रांग नकोशी वाटत असेल, तर पोस्ट प्रसिद्ध करण्याआधी पत्त्याचा शेवटचा भाग रोमन अक्षरांत दोन-तीन शब्दांत हाताने लिहिता येतो. वर्डप्रेसमध्ये तर प्रत्येक पोस्टला आपल्याच डोमेनवर प्रश्नचिन्ह, पी आणि क्रमांक असा एक छोटा पत्ता आपोआप मिळतो. तो पूर्ण पत्त्याकडेच नेतो, आणि त्याचा तक्ता आपल्याच डेटाबेसमध्ये राहतो.