कारण विचारलं की कारण मिळतंच

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका दुकानात टेबल मांडलं होतं. त्यावर बायकांच्या नायलॉनच्या लांब मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवलेले. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारायचं, यातला सगळ्यात चांगला कुठला, आणि तोच का? रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा हा प्रयोग, १९७७ सालच्या त्यांच्या गाजलेल्या लेखात आलेला. ५२ जणांनी मत दिलं. डाव्या टोकाच्या जोडाला १२ टक्के पसंती मिळाली, उजव्या टोकाच्या जोडाला ४० टक्के. कुणी म्हणालं वीण चांगली आहे, कुणी म्हणालं पोत तलम आहे, कुणाला कामातली सफाई आवडली.

चारही जोड अगदी एकसारखे होते. एकाच मालातले.

म्हणजे फरक होता तो फक्त जागेचा. डावीकडून बघत जायचं आणि शेवटी हाताला येईल ते पसंत करायचं, अशी खरेदीतली सवय त्यामागे असावी, असा प्रयोग करणाऱ्यांचा तर्क. पण जागेचं कारण एकानेही आपणहून सांगितलं नाही. ‘उजवीकडे होता म्हणून तर निवडला नाही ना?’ असं थेट विचारलं, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी साफ नाकारलं. वर विचारणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिलं.

ही माणसं खोटं बोलत नव्हती. निस्बेट-विल्सन यांचं म्हणणं असं की आपल्या मनात काय घडलं हे आपल्याला अनेकदा दिसतच नाही. दिसतो तो निष्कर्ष. मग ‘असं का केलंस?’ म्हटलं की आपण एक पटण्याजोगं कारण जुळवतो, आणि आत डोकावून ते सापडलं असं प्रामाणिकपणे समजतो. या मतावर पुढे बरीच टीका झाली. आपल्याला स्वतःबद्दल काहीच कळत नाही असा त्याचा अर्थ नव्हेच. दात दुखतोय की नाही हे आपल्याइतकं कुणाला कळणार? प्रश्न ‘काय वाटतं’चा नाही, ‘का वाटतं’चा आहे.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी तर याची जवळपास जादूगिरीच केली. एका सुपरमार्केटात त्यांनी जॅमची चव घ्यायला लोकांना बोलावलं. दोन बरण्या, दोन चवी, आवडती सांगायची. बरण्या मात्र खास बनवलेल्या. दोन्ही बाजूंनी झाकण, आत मधोमध पडदा, एका बाजूला एक जॅम आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. गिऱ्हाइकाने निवड सांगितली की बरणी गुपचूप उलटी करायची आणि ‘तुमच्या आवडीचा’ जॅम पुन्हा चाखायला देऊन विचारायचं, तुम्हाला हाच आवडला, तो कशामुळे? हाती आलेला असायचा नापसंत केलेला. अदलाबदल पकडली गेली ती फार तर एक-तृतीयांश वेळा. दालचिनी-सफरचंद आणि कडवट ग्रेपफ्रूट इतक्या वेगळ्या चवींमध्येसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेली मंडळी न निवडलेल्या जॅमचे गुण सांगत होती.

आता हे घरी आणून बघा. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मुलावर आवाज चढतो. कारण विचारलं तर तोंडावर तयार असतं: तो ऐकत नाही, अभ्यासाला बसत नाही. असेलही. पण त्या दिवशी दुपारचा डबा तसाच परत आला होता का, आदल्या रात्री किती वाजता झोप लागली, लोकल किती उशिरा आली, या गोष्टी त्या उत्तरात कधीच येत नाहीत. मोज्यांच्या जागेसारख्या त्या क्षुल्लक वाटतात. रागाला शोभेल असं कारण आपल्याला हवं असतं.

शांत बसून आणखी खोल विचार केला तर? त्याचाही फारसा भरवसा नाही. विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये विद्यार्थिनींना घरी न्यायला एक पोस्टर निवडू दिलं. काहींना आधी आवडीनिवडीची कारणं लिहायला लावली, काहींनी नुसतं निवडलं. तीन आठवड्यांनी विचारल्यावर कारणं लिहिणाऱ्या जास्त नाराज निघाल्या. जी कारणं शब्दांत मांडता आली, त्यांच्या आधारे निवड झाली, आणि खरी आवड मागे पडली. उदास मनःस्थितीत तर ‘माझंच असं का होतं?’ हा प्रश्न घोळवत बसण्याने उदासी लांबते, हे मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांच्या संशोधनातून पुढे आलं.

मग स्वतःला ओळखायचं कसं? माझ्या मते मनात खोदण्यापेक्षा वागणूक पाहणं बरं. वर्षभराचा खर्च आठवून सांगणं वेगळं आणि पासबुक उघडणं वेगळं, तसंच हे. वर्तनोपचारात स्व-निरीक्षण नावाची जुनी पद्धत आहे. आवाज चढला, की वही काढून (किंवा मोबाइलवर) तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, त्याच्या आधी काय घडलं, मी काय केलं. ‘का’ हा रकानाच ठेवायचा नाही. पंधरा दिवसांनी पानं सलग वाचायची. मंगळवार-शुक्रवारच दिसतात का? जेवण चुकलेले दिवस? एखाद्या विशिष्ट माणसाच्या फोननंतरचे? नुसत्या नोंदीनेही वागणं थोडं बदलतं, हा फायदा वेगळाच.

आपल्यापेक्षा आपला पूर्वेतिहास शहाणा असतो, याचा सर्वांत मजेदार पुरावा कॅनडातला आहे. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं विस्कटलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५-५६. स्वतः दिलेल्या मुदतीत एक-तृतीयांश विद्यार्थीही प्रबंध संपवू शकले नाहीत. घराचं रंगकाम काढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. अंदाज करताना आपण पुढचं चित्र रंगवतो, मागच्या खेपेला काय झालं ते बघत नाही. दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना मात्र माणसं सावध होतात. म्हणून मुदत ठरवताना ‘हे मला किती दिवसांत जमेल?’ यापेक्षा ‘मागचं असं काम किती दिवसांत झालं होतं?’ हा प्रश्न उपयोगाचा. बायकोला किंवा नवऱ्याला विचारलं तर उत्तर आणखी लवकर मिळतं, फक्त ऐकून घ्यायची तयारी हवी.

कारण कळलं तरी सवय बदलतेच असं नाही. तिथे जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्झर यांची ‘जर-तर’ योजना कामी येते. नुसतं ‘चालायला जाईन’ असं न ठरवता कधी, कुठे, कशानंतर हे आधीच बांधून टाकायचं: संध्याकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की चपला घालून जिना उतरायचा. त्यांनी १९९७ मध्ये विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं होतं. वेळ-जागा ठरवलेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश जणांनी ते वेळेत लिहिलं, इतरांपैकी जेमतेम एक-तृतीयांश. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही परिणाम चांगला दिसला. मुळात इच्छाच नसेल तर मात्र योजना चालत नाही.

आणि ‘जर’ची बाजू वहीतून घ्यावी. पंधरवड्याच्या नोंदींत सकाळी सहाला उठल्याचा एकही दिवस नसेल, तर ‘सहाला उठलो की’ने सुरू होणारी योजना करू नये. चहा मात्र रोज होतो.